तळघरातील पाण्याचा निचरा : संप पंपाचा वापर आणि निगा

लखनौमधील महानगर ही गोमती नदीच्या उत्तरेकडील वसाहत आहे. याच बाजूने वाहणारा कुकरैल नाला पुढे गोमतीला मिळतो. ऑक्टोबर १९६० मधील महापुरात लखनौचा मोठा भाग जलमय झाला होता. त्यानंतर नदीकाठी बांध घालण्यात आले. बांधांमुळे नदीचे पाणी शहरात शिरत नाही. मात्र नदीची पातळी वाढली, की शहरातील पावसाचे पाणीही आपोआप नदीत जाऊ शकत नाही. ते पंपांनी उपसून बांधापलीकडे सोडावे लागते. मुंबईतही २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर हाजी अली, इर्ला आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभारण्यात आली.

घराचे तळघर रस्त्याच्या पातळीखाली असल्याने तेथेही पाणी उपसावेच लागते. त्यासाठी संप पंप वापरला जातो.

रचना

तळघराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात एक खड्डा केला जातो. भिंतींतून पाझरणारे आणि उतारावरून येणारे पाणी त्यात जमा होते. खड्ड्यातील पाणी ठरावीक पातळीवर आले, की तरंगत्या गोळ्याला जोडलेली कळ पंप सुरू करते आणि पातळी उतरल्यावर बंद करते. पाणी परत येऊ नये म्हणून नळीवर एकेरी झडप बसवतात. नळीचे तोंड रस्त्याच्या पातळीपेक्षा उंच असणे आवश्यक आहे. अन्यथा गटार तुंबल्यावर तेच पाणी तळघरात परत येऊ शकते.

पंपाची क्षमता पावसाचा जोर पाहून ठरवावी. वाहने उतरवण्याचा उघडा उतार ४० चौरस मीटरचा असेल आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर केवळ त्या उतारावरून तासाला २,००० लिटर पाणी येते. पाणी जितके उंच चढवावे लागते, तितका पंपाचा उपसा कमी होतो, हेही लक्षात घ्यावे.

निगा

पंप नादुरुस्त असल्याचे पुष्कळदा पहिल्या मोठ्या पावसातच उघड होते. त्यामुळे मे महिन्यातच खड्ड्यातील गाळ, प्लास्टिक आणि पालापाचोळा काढून पंपाची जाळी धुवावी. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप सुरू आणि बंद होतो का, ते पाहावे. गोळा भिंतीला किंवा वायरीला अडकत नाही, याची खात्री करावी. पावसाळ्यात ही चाचणी दर पंधरा दिवसांनी करणे हिताचे ठरते. पाण्याविना फार वेळ चालल्यास पंप जळण्याची शक्यता असते.

वीज आणि सुरक्षितता

मुसळधार पाऊस आणि वीज खंडित होणे या गोष्टी बहुधा एकत्रच येतात. एक अश्वशक्तीचा पंप सुमारे ७४६ वॅट शक्तीचा असला, तरी सुरू होताना तो त्याच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह ओढतो. घरगुती इन्व्हर्टरला तो पेलतोच असे नाही. पर्यायी व्यवस्था तज्ज्ञाकडून आधीच तपासून घ्यावी. पंपाला अर्थिंग आणि गळतीच्या वेळी वीज तोडणारे उपकरण असावे. विजेचा फलक तळघरात न ठेवता वरच्या मजल्यावर बसवावा. तळघरात पाणी साचले असल्यास वरून वीजपुरवठा बंद केल्याशिवाय कोणीही खाली उतरू नये.

पंपाची मर्यादा

दिल्लीच्या जुन्या राजिंदर नगर भागात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी केंद्राच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. त्या तळघराचा वापर ग्रंथालय म्हणून होत होता. परवानगी मात्र केवळ वाहनतळ आणि साठवणुकीची होती. पाझरणारे पाणी पंप उपसू शकतो; रस्त्यावरून लोंढ्याने येणारे पाणी रोखणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यासाठी उताराच्या तोंडाशी उंचवटा आणि आडवी चर हवी, तसेच बाहेर पडण्याचा मार्ग सदैव मोकळा हवा. पाणी वेगाने वाढू लागल्यास सामान वाचवण्यात वेळ न दवडता तळघर तत्काळ रिकामे करावे.