हिंव, पाला आणि तुषार : थंडीपासून कोवळ्या रोपांच्या रक्षणाचा शब्देतिहास

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील पठारावर, पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. आज ते हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. ज्या पिकावर या बाजाराची भिस्त आहे ते उष्ण कटिबंधातील अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात या देशात आले आणि त्यास कडक थंडी मुळीच मानवत नाही. असे असूनही या भागात थंडीपासून रोपे राखण्याची एखादी स्वतंत्र, नाव असलेली विद्या होती काय, असा शोध घेऊ लागल्यास हाती फारसे काही लागत नाही. याचे कारण तशी विद्या नव्हती हे नसून ती दुसऱ्याच नावांखाली नांदत होती हे आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्दांकडे वळू. संस्कृत 'हिम' या शब्दातील दोन स्वरांमधील मकाराचा मराठीत सानुनासिक वकार झाला; ग्राम–गांव, नाम–नांव या जोड्यांप्रमाणेच हिम–हिंव. 'हिमकाल' यापासून हिवाळा आला, जसा 'उष्णकाल' यापासून उन्हाळा. परंतु ध्वनीबरोबर अर्थही सरकला. मूळ शब्दाने बर्फ आणि थंडी या दोहोंचा बोध होत असे. मराठी हिंव हे मुख्यतः अंगाला जाणवणारे आहे. हिंव भरते, हिंव वाजते, हिवताप येतो. जमिनीवर गोठून बसलेल्या पांढऱ्या थराला या शब्दाने सहसा कोणी ओळखत नाही.

मग त्या थराला शब्द कोणता? हिंदीत तो 'पाला' आहे, आणि त्याचे मूळ संस्कृत 'प्रालेय'. मराठीतही 'पाला' आहे, पण तो 'पल्लव' या शब्दापासून आलेला, म्हणजे झाडाची पाने. दोन शेजारभाषांत एकच रूप, आणि एकीत जे पिकाचा नाश करते तेच दुसरीत त्या पिकाचे अंग ! उत्तरेकडील कृषिविषयक लेखनाचे मराठी भाषांतर करणाऱ्याने येथे सावध राहिले पाहिजे. 'पाले से बचाव' याचा 'पाल्याचा बचाव' करून ठेवणे अगदी सोपे आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे वाचणाऱ्याला त्यात काही चुकले आहे असे वाटणारही नाही. 'तुषार' या शब्दाची गत याहून बोलकी आहे. संस्कृत काव्यात तुषार म्हणजे हिम, दहिवर, थंडीचा दाह. मराठीत कारंज्याचे तुषार उडतात आणि शेतात तुषारसिंचन होते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी हेमंतवर्णनातील तुषाराचा अर्थ पाण्याचे थेंब असा करतात, तो या सवयीमुळेच. गंमत अशी की थंड देशांतील फळबागांत गोठत्या रात्री झाडांवर पाण्याचे फवारे सोडतात. पाणी गोठताना जी उष्णता बाहेर टाकते तिने कळ्या वाचतात. म्हणजे नव्या अर्थाच्या तुषारांनी जुन्या अर्थाच्या तुषाराचे निवारण होते.

दोन्ही शब्द मराठीने असे दुसऱ्या कामाला लावले, यामागे निसर्गाचे एक कारण संभवते. आपल्या पठारावर खरे हिम क्वचितच पडते. २०१८ सालच्या डिसेंबरअखेर निफाड येथे तापमान २ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याच्या वार्ता मधूनमधून येतात. पण हे अपवादच. उष्ण प्रदेशातील वनस्पतींना मात्र इजा होण्यासाठी पाणी गोठावे लागत नाही. मिरची, नागवेल, तुळस यांची वाढ दहा-बारा अंशांखाली खुंटते, पाने पिवळी किंवा काळपट पडतात, मिरचीचे बी उगवायला विलंब लागतो. हवामानखात्याने मैदानी प्रदेशात थंडीच्या लाटेचा विचार करण्यासाठी किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी ही अट घातली आहे, ती या वनस्पतींच्या सहनशक्तीच्या सीमेशी बरीच जुळते. तेव्हा आपल्या बागाइतदारापुढचा प्रश्न हिमाचा नव्हता, गारठ्याचा होता, आणि भाषेने तो माणसाच्या अंगाच्या शब्दांनी मांडला. रोप गारठते, आखडते. त्याला आडोसा, ऊब, पांघरूण द्यावे लागते. निफाडकडील द्राक्षबागांत थंडीच्या रात्री जाळ करतात, त्यालाही शब्द 'शेकोटी' हाच. माणसाने शेकण्याची जागा ती शेकोटी; ती वेलीकडे जशीच्या तशी गेली.

शेकोटीविषयी एक गोष्ट येथेच नोंदवावी. बांधावर ओला काडीकचरा पेटवून धूर करावा असे सांगण्याची जुनी रीत आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि थंड, जड हवा सखल भागात साचते. या उत्सर्जनाला धूर थोडाच अडवतो. उपयोग होतो तो मुख्यतः जाळाच्या उष्णतेचा व त्यामुळे हवा हलण्याचा. सायंकाळी हलके पाणी देण्याची रीत अधिक भक्कम पायावर उभी आहे, कारण ओली जमीन कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठवते व रात्री ती हळूहळू सोडते.

ग्रंथांतून काय मिळते? सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात झाडांच्या रोगांची कारणे म्हणून शीत, वात आणि आतप ही त्रयी सांगितली आहे. पाने पांडुर होणे, अंकुर न वाढणे, फांद्या वाळणे व रस गळणे ही लक्षणे. उपचार म्हणून आधी शस्त्राने दुष्ट भाग काढावा, मग विडंग, तूप व चिखल यांचा लेप देऊन दूध व पाणी शिंपावे. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, तर थंडीत एक दिवसाआड पाणी द्यावे असेही तो सांगतो. त्याच्या त्रयीत शीत अग्रभागी आहे हे लक्षात घेण्याजोगे असले, तरी अवंतीचा हा पंडित थंडी येण्यापूर्वी झाड कसे झाकावे याबद्दल तेथे बोलत नाही. रोगांबाबत तेथे चिकित्सा सांगितली आहे. प्रतिबंध मळेकऱ्याच्या हाती राहिला.

तो प्रतिबंध पाहण्याची उत्तम जागा म्हणजे पानमळा. मिरज तालुक्यातील नरवाड, बेडग, आरग या गावांत नागवेल शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा अशा झाडांवर चढवितात. या झाडांचे प्रयोजन विचारल्यास उत्तर मिळते आधार आणि सावली. परंतु जे छत दुपारचे ऊन अडविते तेच रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे जाऊ देत नाही, आणि कडेची दाट झाडी उन्हाळी व हिवाळी असे दोन्ही वारे थोपविते. नाव सावलीचे, काम बारमाही. अकोला व अमरावती जिल्ह्यांत, अकोट-अंजनगाव सुर्जीच्या बाजूस, बारी समाज जी पानपिंपळी पिकवितो तीही अशीच सावली देणाऱ्या झाडांच्या आश्रयाने वाढते. तेथे सातपुडा जवळ आहे आणि हिवाळी रात्री थंडगार असतात.

ही पिंपळी औषधी वनस्पतींच्या इतिहासात मोठी आहे. 'पिप्पली' या शब्दापासूनच ग्रीक 'पेपेरि' व त्यावरून इंग्रजी 'पेपर' आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात पिंपळीचा उल्लेख आहे, आणि पैठण व तेर येथून त्या बंदराकडे माल जात असल्याचेही त्यात सांगितले आहे. पिंपळगाव ज्या तालुक्यात आहे ते भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननाने सातवाहनकालीन नांदत्या नगराचे अवशेष पुढे आणले. भोकरदनच्या आसपास त्या काळी पिंपळी पिकत होती असे यावरून म्हणता येणार नाही, आणि पिंपळगावचे नाव पिंपळीवरून नव्हे, पिंपळ या वृक्षावरून आले आहे. तो वृक्ष थंडीला चांगला टिकतो.

मिरचीकडे परत येऊ. नवागताला भाषेने 'मरिच' म्हणजे मिऱ्याचे नाव दिले, आणि मिरे हे नागवेल व पिंपळी यांच्याच कुळातले. तिखटपणावरून पडलेले हे नाव थंडीला भिणाऱ्या दोन वनस्पतींना योगायोगाने एका ओळीत बसवते. मिरची मात्र मळ्याच्या छताखाली न राहता उघड्या शेतात आली, आणि जुनी सावली तिला मिळाली नाही. उन्हाळी लागवडीची रोपे थंडी सरता सरता वाढवावी लागतात. तो नाजूक काळ आता जाळीच्या आडोशाने निभावला जातो. महिको ही बियाण्यांची संस्था १९६४ साली जालन्यात स्थापन झाली, तेव्हापासून या भागात बीजोत्पादनाचा व्यवसाय वाढत गेला, आणि अलीकडे मिरची-टोमॅटोच्या बियाण्यासाठी शेडनेट उभारली गेली. बोलण्यात हा शब्द रुळला आहे. त्यातही नाव सावलीचेच आहे. रात्रीची ऊब याही वेळी नावात आलेली नाही.