आखूड फलाटांचे स्थानक

पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या काठावर उभे असलेले ओर्से संग्रहालय मुळात रेल्वेचे अंतिम स्थानक, म्हणजे जिथे गाडीचा प्रवास संपतो असे स्थानक होते. १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या उठावात जळून पडीक झालेल्या ओर्से प्रासादाच्या जागेवर पॅरिस–ऑर्लेआं रेल्वे कंपनीने ते बांधून घेतले आणि १९०० च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते खुले केले. पलीकडच्या तीरावर लूव्र आणि त्वीलरीच्या बागा असल्यामुळे लोखंडाची उघडी बांधणी या वस्तीत शोभणारी नव्हती, म्हणून वास्तुविशारद व्हिक्टर लालू यांनी सुमारे १२,००० टन धातूचा सांगाडा बाहेरून घडीव दगडाने झाकून टाकला. आयफेल मनोऱ्याच्या लोखंडी बांधणीचे वजन सुमारे ७,३०० टन आहे, हे ध्यानात घेतले की त्या दगडी मुखवट्याआड किती लोखंड दडले आहे याचा अंदाज येतो.

पुढील रूपांतराची बीजे या मूळ रचनेतच होती. जाड भिंतींवर भार पेलणाऱ्या इमारतीत एक भिंत हलवली तरी वरच्या मजल्यांचा आधार धोक्यात येतो. सांगाड्याच्या इमारतीत मात्र भार तुळयांवरून खांबांत आणि खांबांतून पायात उतरत असल्यामुळे आतील मांडणी बदलण्यास बरीच मोकळीक मिळते. शिवाय येथील गाड्या विजेवर चालत असल्याने धूर बाहेर सोडण्यासाठी छत उघडे ठेवण्याची गरज नव्हती, आणि १३८ मीटर लांब, ४० मीटर रुंद व ३२ मीटर उंच अशा मुख्य दालनावर काचेबरोबरच गिलाव्यातील कोरीव फुलांनी सजवलेले कमानदार छत घालता आले. रेल्वे स्थानकाला इतका थाट खरे तर अनावश्यकच होता.

स्थानक निकामी ठरले ते बांधकाम खचल्यामुळे नव्हे, तर फलाट आखूड पडल्यामुळे. लोहमार्गांचे विद्युतीकरण वाढले तशा गाड्या लांब होत गेल्या, आणि १९३९ पासून येथे फक्त उपनगरी वाहतूक उरली. त्यानंतर युद्धकैद्यांना पाठवायच्या पार्सलांचे केंद्र, सुटून आलेल्या कैद्यांचे स्वागतस्थळ, ऑर्सन वेल्स यांच्या ‘द ट्रायल’ या चित्रपटाचे चित्रीकरणस्थळ, नाटक मंडळीचा आसरा आणि लिलावगृह अशी मिळेल ती कामे या वास्तूने केली. १९७० मध्ये ती पाडून हॉटेल बांधण्याची परवानगीही मिळाली होती. परंतु १९७१ मध्ये पॅरिसमधल्याच ले आल बाजाराचे लोखंडी मंडप पाडले गेले तेव्हा उसळलेल्या नाराजीमुळे एकोणिसाव्या शतकातील वास्तूंकडे पाहण्याची दृष्टी पालटली. ले आलचे मंडप गेले नसते तर ओर्से वाचले असते का, ही शंका रास्तच आहे. १९७३ मध्ये स्थानकाला संरक्षण मिळाले आणि १९७७ मध्ये तेथे संग्रहालय करण्याचा सरकारी निर्णय झाला.

हे रूपांतर करणाऱ्या ए.सी.टी. या वास्तुविशारद गटापुढील खरी अडचण पोकळीची होती. चित्रांना भिंती, मर्यादित उजेड आणि नियंत्रित हवा लागते, तर दालनाचे सारे वैभव त्याच्या अखंड उंचीत होते. ते मजल्यांनी बुजवले असते तर वास्तू वाचवून तिचा जीव घेतल्यासारखे झाले असते. म्हणून रुळांच्या दिशेने जाणारा मधला मार्ग शिल्पांसाठी मोकळा ठेवून दोन्ही बाजूंना दालने आणि त्यांच्यावर सज्जे बांधण्यात आले, तर दृक्प्रत्ययवादी, म्हणजे मोने–रनवार यांच्या पंथातील चित्रांना छतातून उजेड येणारा सर्वांत वरचा मजला देण्यात आला. जुने बिडाचे खांब, तुळया आणि गिलाव्याचे नक्षीकाम दुरुस्त करून दिसते ठेवले. नव्या भिंतींना मात्र जुन्याची नक्कल करू दिली नाही. अंतर्गत रचनाकार गे ऑलेन्ती यांनी जमीन आणि भिंती दोन्हींसाठी फिकट दगड वापरला. तो काही टीकाकारांना फार जड वाटला आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही होते: लालू यांनी दगड बाहेर ठेवून लोखंड आत मोकळे सोडले होते, ऑलेन्तींनी दगडच आत आणला.

संग्रहालय डिसेंबर १९८६ मध्ये सुरू झाले. २०११ मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात वरच्या मजल्यावरील दृक्प्रत्ययवाद्यांच्या दालनाच्या फिकट भिंती गडद रंगाच्या झाल्या, ज्यामुळे त्या चित्रांचे रंग अधिक उठून दिसू लागले. उपनगरी गाड्या आजही इमारतीच्या तळाखालून धावतात.