टू द कुक्कू

इंग्रज कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ (१७७०–१८५०) याची आठ कडव्यांची, बत्तीस ओळींची कविता. मार्च १८०२ मध्ये इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील ग्रासमिअर येथे ती रचली गेली आणि १८०७ साली ‘पोएम्स, इन टू व्हॉल्यूम्स’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. एकाआड एक चार आणि तीन आघातांचे चरण, पहिल्या-तिसऱ्या व दुसऱ्या-चौथ्या चरणांचे यमक, ही बांधणी इंग्रजी बॅलडच्या आणि चर्चमधील स्तोत्रांच्या सरावाची आहे. आशयही थोडका: वसंतात परतलेल्या कुक्कू पक्ष्याचे स्वागत, गवतावर पडून त्याचा आवाज ऐकणे, शाळकरी वयात त्याच्या शोधात केलेल्या भटकंतीची आठवण, आणि शेवटी पायाखालची जमीनच परीकथेतल्यासारखी अधांतरी भासणे. या साधेपणामुळे स्वच्छंदतावादी निसर्गकवितेचा सोपा नमुना म्हणून ती ओळखली जाते आणि तिचा अर्थही ठरून गेल्यासारखा आहे: पक्षी गातो, कवीला हरवलेले बालपण आठवते, मन हळवे होते. हे वाचन अगदीच चुकीचे नाही, पण कवितेतल्या मुख्य गोष्टीला ते बगल देते. कवीला बालपणातले जे आठवते त्यात मिळालेले असे काहीच नाही. आठवतो तो एक फसलेला शोध. आणि प्रौढपणी तो जे करतो, ते हा शोध पुरा करणे नव्हे, तर तो अपुरा ठेवण्यातच राम आहे हे ओळखणे होय.

रचनेच्या तारखा या वाचनाला पहिला आधार देतात. कवीची बहीण डोरोथी हिच्या ग्रासमिअरच्या दैनंदिनीत २३ मार्च १८०२ रोजी विल्यम कुक्कूच्या कवितेवर काम करत असल्याची नोंद आहे. कुक्कू हा आफ्रिकेत हिवाळा काढणारा स्थलांतरी पक्षी. ब्रिटनमध्ये तो साधारणपणे एप्रिलच्या उत्तरार्धात पोचतो. डोरोथीच्याच दैनंदिनीत त्या वसंतात कुक्कू ऐकल्याची नोंद १ मेची आहे. म्हणजे पक्षी आला आहे, त्याचा आवाज ऐकू येतो आहे, मी गवतावर पडलो आहे, असे वर्तमानकाळात सांगणारी ही कविता, ग्रासमिअरच्या खोऱ्यात कुक्कू नसताना सुरू झाली. कवितेतले ऐकणेही आठवणीतलेच. यावर कोणी म्हणेल की एखादा पक्षी लवकर आला असेल, किंवा कवितेतला वर्तमानकाळ हा नुसता संकेत असतो, त्याचा पंचांगाशी मेळ कशाला घालायचा? आक्षेप रास्त आहे. केवळ तारखेवर ही इमारत उभी करता येणार नाही. पण दैनंदिनीतली आणखी एक नोंद याच दिशेने बोट दाखवते. १४ मे रोजी, म्हणजे कुक्कू खोऱ्यात प्रत्यक्ष ओरडत असताना, विल्यम कुक्कूसाठी एक विशेषण शोधून शोधून दमला, असे डोरोथी लिहिते. पक्षी नव्हता तेव्हा कवितेने आकार घेतला, आणि पक्षी कानाशी आला तेव्हा त्याचे वर्णन जमेना.

हे न जमणे पुढे चाळीस वर्षे पुरले. दुसरे कडवे, ज्यात पक्ष्याच्या आवाजाचे वर्णन आहे, ते १८१५ पासून १८४५ पर्यंतच्या आवृत्त्यांत पुन्हापुन्हा बदलत गेले. आधीच्या पाठात आवाज अस्वस्थ आहे, सगळीकडे फिरतो आहे. कधी तो कानावर आदळतो, कधी सारे आकाश भरून टाकतो. अखेर जो पाठ टिकला त्यात आवाजाला भावनिक विशेषणच उरले नाही: तो दोन स्वरांचा आहे आणि एकाच वेळी जवळचा व दूरचा आहे, एवढेच. आवाज गोड की कर्कश, आनंदी की व्याकूळ, हे सांगायचे सोडून कवी त्याचा ठावठिकाणा सापडत नाही यावर येऊन थांबला. तिसऱ्या कडव्यातला बदल याहूनही बोलका आहे. १८०७ च्या पाठात कुक्कू कवीलाच काही सांगतो. ऊन आणि फुले यांच्या गप्पा मारणारा तो बडबड्या नव्हे, असे तिथे ठासून म्हटले आहे. पुढील आवृत्त्यांत नेमके उलटे झाले: पक्षी दरीशी ऊन-फुलांचीच बडबड करतो, कवीशी त्याचे देणेघेणे नाही, आणि तरीही ती बडबड कवीपर्यंत पोचते तेव्हा स्वप्नमय घटकांची कहाणी होऊन पोचते. पक्ष्याला संदेशवाहक करण्याचा मोह कवीने स्वतःहून आवरला. अर्थ आवाजात नाही, ऐकणाऱ्यात आहे, ही कबुली या दुरुस्तीतून कवितेत शिरली. वर्ड्‌स्वर्थच्या उतारवयातल्या दुरुस्त्यांनी अनेक कविता बिघडल्या असे अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे. हा अपवाद मानायला हरकत नसावी.

वर्ड्‌स्वर्थने स्वतः ही कविता कुठे बसवली तेही पाहण्यासारखे आहे. १८१५ साली त्याने आपल्या कवितांची विषय आणि मनोव्यापार यांनुसार वर्गवारी केली. ‘माय हार्ट लीप्स अप’ ही इंद्रधनुष्यावरची छोटी कविता २६ मार्च १८०२ ची, म्हणजे कुक्कूच्या कवितेची जवळजवळ जुळी बहीण. ती त्याने बाल्यकाळाशी संबंधित कवितांच्या गटात घातली. कुक्कूची कविता मात्र कल्पनाशक्तीच्या कवितांत गेली. त्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत याचे कारणही येते. कुक्कूचा आवाज सगळीकडे एकदम असल्यासारखा वाटतो आणि त्यामुळे कल्पना त्या प्राण्याचे शरीर जवळजवळ काढून घेते; आणि असे करण्याचा मोह तिला होतो तो वसंतभर हा पक्षी सतत ऐकू येतो पण क्वचितच दिसतो, या स्मृतीतल्या जाणिवेमुळे, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. इथे स्मृतीला दिलेले काम लक्षात घेण्याजोगे आहे. स्मृती म्हणजे जपून ठेवलेले चित्र, ही नेहमीची समजूत. या कवितेत स्मृतीकडे चित्रच नाही, कारण पक्षी कधी दिसलाच नाही. तिच्याकडे आहे एक सवय: आवाज आला की मान वळवणे, झुडपात, झाडावर, आभाळात पाहणे, आणि काही न दिसणे. हॉक्सहेडच्या शाळेत वर्ड्‌स्वर्थ १७७९ मध्ये दाखल झाला; आई त्याच्या आदल्या वर्षी वारली होती, वडील १७८३ मध्ये गेले. हा चरित्राचा धागा ओढून कवितेतल्या अदृश्य पक्ष्याला हरवलेल्या आईवडिलांचे प्रतीक ठरवणे सोपे आहे, पण कविता त्याला कुठेच दुजोरा देत नाही. तिथला मुलगा पोरका वाटत नाही. तो हट्टी आणि आशाळभूत आहे, आणि न दिसलेल्या पक्ष्यावर त्याचा जीव जडला आहे.

सहाव्या आणि सातव्या कडव्यांमधली उडी म्हणूनच निर्णायक ठरते. मुलगा रानोमाळ हिंडत होता. मोठा माणूस माळावर पडून आहे. त्याने शोध सोडला आहे, ऐकणे सोडलेले नाही. आणि तो ऐकत राहतो ते तो सुवर्णकाळ पुन्हा जन्माला घालीपर्यंत. पक्षी तो काळ आणून देत नाही. ऐकणाराच तो घडवतो. नुसत्या हळव्या वाचनात ही क्रिया हरवते. हळवेपणात भूतकाळ आपोआप अंगावर येतो. इथे तो कष्टाने, स्वस्थ पडून राहण्याच्या कष्टाने, उभा करावा लागतो. पक्षी एकदा जरी फांदीवर दिसला असता, करड्या पाठीचा, पोटावर आडवे पट्टे असलेला, ससाण्यासारखा, तर मुलाचा ऐकलेला आवाज आणि प्रौढाचा ऐकलेला आवाज यांत तीच ती ओळख उरली नसती. दोघांनीही फक्त ऐकले, म्हणून दोघांचा पक्षी एक. प्लुटार्कने सांगितलेल्या एका किश्श्यात कोणी स्पार्टावासी बुलबुलाची पिसे उपटतो आणि हाती मांस फारसे लागत नाही म्हणून, तू नुसता आवाजच आहेस, असे त्याला हिणवतो. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेत तोच विचार उलटून मानाचा झाला आहे.

या शरीर काढून घेण्यावरच सर्वांत जोरदार आक्षेप आहे. एडिंबरो रिव्ह्यूत फ्रान्सिस जेफ्रीने १८०७ मध्येच या संग्रहावर कडक टीका केली आणि त्यातून ही कविताही सुटली नाही. आजचा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो: ज्या कवितेत पक्ष्याला देहच नाही, ती निसर्गकविता कशी? शिवाय खरा कुक्कू काही निष्पाप नव्हे. तो दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालतो, आणि त्याचे पिलू यजमान पक्ष्याची अंडीपिल्ले पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलते. हे एडवर्ड जेन्नरने, म्हणजे देवीची लस शोधणाऱ्यानेच, १७८८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात नोंदवले होते. या पक्ष्याला वसंताचा लाडका म्हणणे हा अज्ञानाचा भाग, असे म्हणता येईल का? अज्ञानाचा तरी नक्कीच नाही. घरट्यातल्या या परकेपणामुळे कुक्कूचे नाव इंग्रजी परंपरेत व्यभिचाराशी आणि फसवलेल्या नवऱ्याशी जोडले गेले होते. शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’च्या शेवटच्या गाण्यात तो विवाहितांना घाबरवतो. आणि खुद्द वर्ड्‌स्वर्थने डिसेंबर १८०१ मध्ये, म्हणजे अवघ्या काही महिन्यांपूर्वी, कुक्कू आणि नाइटिंगेल यांच्या वादाची एक मध्ययुगीन कविता आधुनिक इंग्रजीत आणली होती. त्या काळी ती चॉसरची मानली जाई. तिच्यात कुक्कू हा प्रेमाची निंदा करणारा आहे. ही सारी सामग्री हाताशी असून त्याने ती बाजूला ठेवली. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात वाढते म्हणून परभृत ठरली, आणि ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत याच गोष्टीचा आधार घेऊन शकुंतलेला टोमणा मारतो, तरीही वसंतवर्णनात कोकिळेचा मान ढळला नाही. (हा कुक्कू म्हणजे आपला कोकीळ नव्हे हेही ध्यानात ठेवावे. कोकिळाचा सूर चढत जातो. कुक्कूचे दोनच स्वर, दुसरा खाली उतरणारा. भारतात कुक्कू हिमालयात वीण घालतो.)

देहाच्या आक्षेपाला उत्तर पक्ष्याच्या सवयींतच आहे. नर कुक्कू दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतो, त्याचा आवाज दूरवर जातो, आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात प्रतिध्वनी त्यात भर घालतात. आवाज ऐकू येणे आणि पक्षी न दिसणे हा सरोवर प्रदेशातला रोजचा अनुभव आहे. कवीने देह काढून घेतला असे म्हणण्यापेक्षा, निसर्गानेच जो लपवला तो त्याने खोटा रंगवला नाही असे म्हणणे अधिक न्याय्य. कीट्‌सचा नाइटिंगेल (१८१९) आणि शेलीचा चंडोल (१८२०) हेही न दिसणारेच गायक; पण त्या दोन्ही कवितांत पक्षी माणसाहून वरचढ, दुःखापासून सुटलेला आहे आणि कवी त्याच्याकडे हेव्याने पाहतो. वर्ड्‌स्वर्थला कुक्कूचा हेवा वाटत नाही. त्याला कुक्कू व्हायचे नाही, फक्त ऐकायचे आहे.

शेवटच्या कडव्यावर मात्र पळवाटेचा आरोप होतो, आणि तो सहज झटकता येत नाही. पृथ्वी परीलोकासारखी, पोत नसलेली वाटणे, हे वास्तवाकडे पाठ फिरवणे नाही काय? याचे उत्तर वर्ड्‌स्वर्थने १८४३ मध्ये इझाबेला फेन्विक हिला सांगितलेल्या टिपणांत सापडते. अमरत्वाविषयीचे त्याचे ओड २७ मार्च १८०२ रोजी, म्हणजे याच आठवड्यात, सुरू झाले. त्यावरच्या टिपणात तो सांगतो की लहानपणी शाळेला जाताना बाहेरचे जग आपल्या मनाहून वेगळे आहे ही खात्री सुटू लागे आणि वास्तवावर परत येण्यासाठी आपण भिंत किंवा झाड धरत असू. पुढच्या वयात याच्या उलट अवस्थेची, वस्तूंच्या जडपणाने मन दबून जाण्याची, त्याला खंत वाटली. त्या प्रकाशात पाहिले की कुक्कूच्या कवितेतली अधांतरी जमीन गोडगुलाबी राहत नाही. मुलासाठी जी भीती होती तीच प्रौढासाठी सुटका झाली आहे. बालपण जसेच्या तसे परत आले असते तर भीतीही परत आली असती. ती येत नाही, यावरूनच हे बालपण नव्याने घडवलेले आहे हे कळते.

कुक्कू वर्ड्‌स्वर्थच्या कवितेत नंतरही आला, पण अशा तऱ्हेने नाही. ‘द सॉलिटरी रीपर’मध्ये (१८०५) तो केवळ उपमेपुरता आहे, डोंगरातल्या प्रतिध्वनीवरच्या १८०६ च्या कवितेत त्याच्या हाकेला पलीकडच्या जगाचा धार्मिक अर्थ चिकटतो. २५ मे १८३७ रोजी इटलीतल्या ला व्हेर्ना येथील फ्रान्सिस्कन मठाजवळ त्याला कुक्कूचा आवाज भेटला आणि त्यावर त्याने एक लांब कविता लिहिली. तिच्यात पक्षी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या रानातल्या हाकेशी जोडला जातो. १८०२ मध्ये ज्या आवाजाला विशेषणही सापडत नव्हते त्याला आता पूर्ण भाष्य जोडले गेले, आणि कविता त्या मानाने सपाट झाली. त्या कवितेवरच्या फेन्विक टिपणात एक साधी गोष्ट नोंदलेली आहे. सदुसष्ट वर्षांच्या वर्ड्‌स्वर्थला तो आवाज आधी ऐकूच आला नव्हता. सहप्रवासी हेन्री क्रॅब रॉबिन्सन याने दोन-तीनदा लक्ष वेधल्यावर तो त्याच्या कानी आला, आणि वयामुळे आपले कान मंदावले आहेत याचा पुरावा त्याला त्या पक्ष्याकडूनच मिळाला. मी अजूनही ऐकू शकतो, हे १८०२ च्या कवितेतले विधान किती शारीरिक अटीवर टेकलेले होते, ते या टिपणाशेजारी ठेवून वाचल्यावरच उमगते.