अंधेरीतील परदेश

मुंबईच्या उपनगरांस जकातीची सीमा ही काही नवी वस्तू नव्हे. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई बेट इंग्रजांच्या वाट्यास आले आणि १६६५ साली प्रत्यक्ष त्यांच्या हाती पडले. परंतु माहीमच्या खाडीपलीकडील साष्टी, म्हणजे आजचे वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हा सारा मुलूख, पोर्तुगीजांकडेच राहिला. बेट एकाचे आणि वाट दुसऱ्याची, असा हा प्रकार होता. ठाण्यास व कारंजास पोर्तुगीजांची जकात भरल्यावाचून मुख्य भूमीवरील माल मुंबईस पोहोचत नसे. पुढे साष्टी मराठ्यांनी जिंकली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने वाट व बेट कायमचे एका हाती आले.

त्यानंतर सुमारे १९० वर्षांनी याच साष्टीत पुन्हा एक जकात-सीमा आखली गेली. या खेपेस ती कोणा परक्याने नव्हे, तर भारत सरकारने आपल्याच भूमीवर आखली. १ मे १९७३ रोजी अंधेरीस, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, सुमारे ११० एकर जागेभोवती कुंपण घालून सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले. लोक त्यास ‘सीप्झ’ म्हणतात. जमीन अंधेरीची आणि नाव सांताक्रूझचे, हा मान शेजारच्या विमानतळाचा. त्यापायी कित्येक नवखे चुकीच्या स्थानकावर उतरले असतील.

अशा क्षेत्राची कल्पना मूळची येथली नव्हे. आयर्लंडातील शॅनन येथे विमानतळालगत असे क्षेत्र १९५९ साली उभे राहिले होते, आणि भारताने १९६५ साली कांडला बंदरात तो प्रयोग केला होता. त्या काळी देशात आयात-परवाने दुर्मिळ, जकात जबर आणि परकीय चलनाची सदैव ओढ. बाहेरून सुटा भाग आणावयाचा तर त्यावर इतका कर पडे की त्यापासून बनलेली वस्तू परदेशी बाजारात टिकणे कठीण. म्हणून कुंपणाच्या आत जकात माफ. अट एवढीच, की तयार माल परदेशी गेला पाहिजे. विद्युत्-उपकरणांची निवडही विचारपूर्वक झाली होती, कारण वजनाला हलका आणि किमतीला भारी असा माल विमानाचे भाडे सोसू शकतो.

कुंपणाचे महत्त्व कुंपणात नसते, ते बाहेरच्या जकातीत असते. बाहेर कर जितका चढा, तितका आतला मोकळेपणा मोलाचा. आणि ही बाहेरची जकात ठरविण्याचा अधिकार हळूहळू एकट्या दिल्लीचा राहिला नाही. १९९६ च्या डिसेंबरात सिंगापुरास माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील जकात काढून टाकण्याचा करार झाला, भारत १९९७ साली त्यात सामील झाला, आणि २००५ पर्यंत त्या वस्तूंवरील कर शून्यावर आला. ज्या मालासाठी अंधेरीची भिंत बांधली, त्यातील पुष्कळशा मालापुरती ती भिंत नावाचीच उरली.

सुदैवाने तोवर आत दुसरा धंदा रुजला होता. १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याचा अंमल १९९० पर्यंत होता. तो चालू असतानाच, १९८७-८८ च्या सुमारास, सीप्झमध्ये रत्ने व दागिने घडविण्यास परवानगी मिळाली. सोने परदेशातून यावे, अंधेरीस त्याचे दागिने घडावेत आणि पुन्हा परदेशी जावेत, असा हा व्यवहार. झारेकरी सोनाराच्या केरातून सोने शोधतो. येथे जकात खात्यास कागदांतून तेच करावे लागले. आत आलेले सोने, बाहेर गेलेले सोने आणि मधली घट यांचा मेळ बसलाच पाहिजे. २००० च्या नोव्हेंबरात सीप्झ विशेष आर्थिक क्षेत्र झाले, आणि २००५ च्या कायद्याने अशी क्षेत्रे जकातीपुरती देशाबाहेरची भूमी मानली गेली.

खरा पेच येथून पुढे. ३० ऑक्टोबर १९४७ रोजी जिनीव्हास ज्या २३ देशांनी जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करार केला, त्यांत भारत होता. १९९५ साली त्या कराराच्या जागी जागतिक व्यापार संघटना आली आणि निर्यातीशी बांधलेले अर्थसाहाय्य निषिद्ध ठरले. दरडोई उत्पन्न १,००० डॉलरांच्या आत असलेल्या देशांस मात्र सूट होती. २०१७ साली संघटनेच्या हिशेबाने भारताने ही मर्यादा २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षे ओलांडल्याचे दिसले. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने तक्रार गुदरली. योजना गुंडाळण्यास इतर विकसनशील देशांस आठ वर्षे दिली होती, तेवढीच आपणांसही द्यावीत, असे भारताचे म्हणणे. पंचमंडळाने ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी निर्णय दिला, की ती आठ वर्षे १९९५ पासून मोजावयाची असल्याने २००२ अखेरीसच संपली आहेत. जी सवलत हक्काची होण्यापूर्वीच पंधरा वर्षे संपली, तिला सवलत म्हणणे हा शब्दांचाच खेळ होय.

क्षेत्राच्या करसवलती १८० दिवसांत मागे घ्याव्यात, असा निकाल होता. भारताने नोव्हेंबरात अपील केले. परंतु नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेनेच अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ मध्ये अपिलीय मंडळ बंद पडले. फिर्यादीनेच वरच्या न्यायालयास कुलूप घातल्याने निकाल अधांतरी राहिला आणि सीप्झही वाचले.

जगाचा दरबार असा अडल्यावर राष्ट्रे आपापसांत गट करू लागली. निकालानंतर चारच दिवसांनी, बँकॉक येथे, भारताने आशियातील मोठ्या प्रादेशिक करारातून अंग काढून घेतले. चिनी मालाची आणि परदेशी दुधाची धास्ती मोठी होती. संयुक्त अरब अमिरातींशी मात्र करार झाला, आणि १ मे २०२२ पासून, म्हणजे सीप्झच्या एकोणपन्नासाव्या वाढदिवसापासून, भारतीय दागिन्यांवरील तेथील ५ टक्के जकात गेली. परंतु सीप्झचा मोठा गिऱ्हाईक होता अमेरिका. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिने भारतीय मालावरील वाढीव कर ५० टक्क्यांवर नेला, तोही जिनीव्हास न विचारता.

तेव्हा कारखानदारांनी माल देशातच विकण्यासाठी सवलत मागितली. कारण कारागीर अंधेरीचे, गिऱ्हाईक मुंबईचे, आणि झवेरी बाजार लोकलने तासाभराच्या वाटेवर असला, तरी २००५ च्या कायद्याप्रमाणे सीप्झच्या दारातून शहरात येणारा हार परदेशातून आलेला समजला जातो, आणि त्यावर दारातच आयात-जकात आकारली जाते.