चकिरीचा भात

केरळच्या पोस्टिंगमध्ये कानावर पडलेला एक शब्द कायमचा लक्षात राहिला: चकिरिच्चोर्. चकिरि म्हणजे काथ्या आणि चोर् म्हणजे भात (आपला चोर नव्हे!). सोडणातून काथ्याचे धागे काढून घेतले की जो तपकिरी भुसा उरतो, त्याचं हे नाव. कुंडीसाठी आपण कोकोपीटची वीट विकत आणतो, ती याच भुशाची.

हा भुसा पूर्वी कुणाला नको होता. १८५९ साली जेम्स डॅरा याने आलप्पुळात काथ्याच्या चटयांचा कारखाना काढला आणि धंदा वाढला. सोडणं बॅकवॉटरच्या मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवायची, मग बायका ती दांडक्याने बडवून धागा मोकळा करायच्या. चटया जहाजाने परदेशी गेल्या. पण सोडणात धागा साधारण एक तृतीयांशच, बाकी सगळा भुसा. त्यात लिग्निन भरपूर, त्यामुळे तो लवकर कुजत नाही. ढीग वर्षानुवर्षं काठावर पडून राहायचे आणि पावसात त्यांचं काळं पाणी कालव्यात उतरायचं.

नवल म्हणजे एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडचे माळी हा भुसा कुंड्यांत वापरत होते. पुढे तो मागे पडला. विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या पीटच्या दलदली वाचवायची निकड भासली, तेव्हा जगाला त्याची पुन्हा आठवण झाली. इकडे कॉयर बोर्डाने अळंबीच्या बुरशीने या भुशाचं खत करण्याची पद्धत आणली.

हा इतिहास कुंडी भरतानाही उपयोगी पडतो. मचूळ पाण्याचं मीठ आणि नारळाचे स्वतःचे क्षार भुशात उरलेले असतात, म्हणून वीट भिजवल्यावर तो दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन पिळून घ्यावा. तो पाणी छान धरून ठेवतो, पण त्यात रोपाला पोसण्याजोगं फारसं काही नसतं. म्हणून गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत मिसळायचंच. कुंडी हलकी होते; दर दोन-तीन वर्षांनी क्वार्टर बदलणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आज हा भुसा निर्यात होतो. पण ज्या बायकांनी कुजक्या पाण्याच्या वासात उभं आयुष्य सोडणं बडवली, त्यांच्या हयातीत तो कचराच होता. वीट फोडताना एवढं आठवावं.