अविलाची संत तेरेजा आणि प्रार्थनेची बाग

हातीं क्रूस व गुलाबपुष्पें घेतलेली फ्रान्स देशची धाकटी तेरेजा घराघरांतील तसबिरींमुळें आम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ज्या कार्मेल संघांत तिनें आपलें आयुष्य वाहिलें, त्याची सुधारणा करणारी स्पेन देशची थोरली तेरेजा हिच्याविषयीं आमच्या लोकांत फारसें बोललें जात नाहीं. साक्षात्कारी संत म्हटली कीं ती आपल्या आवांक्याबाहेरची, असें आम्ही मनाशीं ठरवून टाकतों. तिचें चरित्र वाचल्यावर हा समज टिकत नाहीं. म्हणूनच जुबिलीच्या या स्मरणिकेंत तें थोडक्यांत सादर करीत आहों.

ता. २८ मार्च १५१५ रोजीं कॅस्टिल प्रांतांतील अविला या तटबंदीच्या शहरीं तिचा जन्म झाला. तिचे आजोबा तोलेदोचे व्यापारी, मूळचे यहुदी. ख्रिस्ती झाल्यावरही गुप्तपणें जुना धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्यांना १४८५ सालीं धर्मन्यायालयापुढें उघड प्रायश्चित्त घ्यावें लागलें होतें. हा डाग लपविण्यांत त्या कुटुंबाचा बराच पैसा व मनःशांति खर्च झाली. वयाच्या विसाव्या वर्षीं, १५३५ सालीं, तेरेजा अविलाच्या कार्मेल मठांत शिरली. पुढें तिला असें दुखणें जडलें कीं १५३९ च्या ऑगस्टांत चार दिवस ती मृतवत् पडून होती, आणि मठांत तिच्यासाठीं खड्डाही खणून तयार होता! त्यांतून ती वांचली, पण जवळजवळ तीन वर्षें अंग लुळें राहिलें.

तिची खरी परीक्षा बरी झाल्यावर सुरू झाली. मठांत पाहुण्यांची वर्दळ असे व गप्पागोष्टींत वेळ जाई. आपण पापी, आपणांस एकान्तप्रार्थनेचा काय अधिकार, अशा विचारानें तिनें ती वर्षभराहून अधिक काळ सोडूनच दिली. वरून नम्रता दिसणारा हा विचार म्हणजे सैतानाचा मोठा भयंकर फांस होता, असें तिनें पुढें आत्मचरित्रांत स्पष्ट लिहिलें आहे. प्रार्थना पुन्हां धरली, तरी गोडी नव्हती. तास केव्हां संपतो याकडेच तिचें लक्ष असे. घड्याळाच्या ठोक्यांकडे कान लागलेले असत. प्रार्थनास्थळीं शिरतांनाच मनावर उदासी येई. (जपमाळेच्या वेळची आपली अवस्था कित्येक वाचकांस येथें आठवेल.) आणि ही ओढाताण कांहीं महिने नव्हे, सुमारें अठरा वर्षें चालली! १५५४ च्या सुमारास मठांतील जखमी ख्रिस्ताच्या एका मूर्तीपुढें ती रडत कोसळली, तेव्हां कोठें अंतःकरणाचें दार उघडलें. त्याच सुमारास संत अगस्तीनचें आत्मनिवेदन तिच्या हातीं पडलें, त्याचाही तिला मोठा आधार झाला.

या अनुभवांतून तिनें दिलेला दृष्टान्त आमच्या वाडीवाल्यांस विशेष कळेल. आत्मा ही एक बाग. धनी प्रभु, आम्ही माळी. बागेस पाणी चार प्रकारांनीं मिळतें. विहिरींतून हातानें शेंदून काढावें, यांत कष्ट फार. रहाट लावावा; श्रम कमी, पाणी अधिक. ओढ्याचा पाट वळवावा. मग जमीन खोलवर भिजते. आणि चौथा प्रकार पावसाचा. तेथें माळ्यास कांहींच करावें लागत नाहीं, धनीच पाणी घालतो. वसईच्या वाड्यांत ज्यांनीं रहाटाची कुरकुर ऐकली आहे, त्यांना याहून अधिक विवरण नको. पण आम्हांस या दृष्टान्तांत सर्वांत मोलाचें वाटतें तें निराळेंच. विहीरच कोरडी पडली तर? तेरेजा सांगते, माळ्यानें आपलें काम करीत राहावें. पाण्याविनाही धनी फुलें जगवितो. चौथ्या पाण्याविषयीं बोलणारे पुष्कळ भेटतात. कोरड्या विहिरीवर उभें राहून लिहिणारे थोडे.

ता. २४ ऑगस्ट १५६२ रोजीं तिनें अविला येथें संत योसेफाच्या नांवानें लहानसा मठ उघडला. जुन्या मठांत श्रीमंत भगिनींना स्वतंत्र दालनें असत व नांवामागें मानाची पदवी लागे. येथें पदव्या बंद झाल्या, आणि जिचें कूळ उंच तिनेंच बापाचें नांव कमी घ्यावें, असा दंडक पडला. (आमच्यांतही कुळाचा ताठा कधीं कधीं देवळाच्या बांकापर्यंत येतो, असो.) ठराविक उत्पन्न नसलेला मठ म्हणजे गांवावर भार, म्हणून नगरसभेनें तिला कोर्टांत खेंचलें. तरी १५८२ पर्यंत तिच्या हातून भगिनींचे सतरा मठ उभे राहिले. छप्परवजा गाड्यांतून, उन्हापावसांत, आजारी देहानें ती हिंडली. घरांचे सौदे केले, कर्जें फेडलीं, असंख्य पत्रें लिहिलीं. पोपचा स्पेनमधील प्रतिनिधि सेगा हा तिला अस्वस्थ, भटकी बाई म्हणाला. क्रूसाचे संत योहान या तिच्या सहकाऱ्यास तर १५७७ च्या डिसेंबरांत त्यांच्याच जुन्या संघबंधूंनीं तोलेदो येथें नऊ महिने कोंडून ठेविलें.

त्याच वर्षीं, आत्मचरित्र धर्मन्यायालयाच्या ताब्यांत अडकलें असतां, तिनें जून ते नोव्हेंबरच्या दरम्यान ‘अंतरींचा किल्ला’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत आत्म्याचीं सात दालनें आहेत. सातव्यांत पोहोंचल्यावर समाधिसुखाचें वर्णन येईल अशी वाचकाची अपेक्षा. तिथें ती म्हणते कीं प्रार्थनेचें फळ कृतींत दिसावें, आणि प्रभूचा पाहुणचार करावयास मार्था व मरिया दोघीही हव्यात.

ता. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्रीं आल्बा दे तोर्मेस येथें तिचें निधन झालें. त्याच रात्रीं नवें पंचांग लागू झाल्यामुळें दुसरा दिवस १५ ऑक्टोबर ठरला. म्हणून तिचा सण त्या तारखेस येतो. ता. १२ मार्च १६२२ रोजीं तिला संतपद मिळालें, तें गोव्यांत देह विसावलेल्या संत फ्रान्सिस झेवियरसमवेत. १९७० सालीं पोप सहावे पॉल यांनीं तिला धर्मपंडिता ठरविलें. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

एदिथ स्टाइन ही जर्मनीची यहुदी विदुषी. १९२१ च्या उन्हाळ्यांत, स्नेह्यांच्या घरीं, तेरेजेचें आत्मचरित्र तिच्या हातीं आलें. ता. १ जानेवारी १९२२ रोजीं तिनें बाप्तिस्मा घेतला, १९३३ सालीं कोलोनच्या कार्मेल मठांत प्रवेश केला, आणि ऑगस्ट १९४२ मध्यें आउश्वित्झच्या छावणींत तिचा वध झाला. मठांत तिनें घेतलेलें नांव होतें तेरेजा.