वाफेच्या गाडीने उटी : एका दिवसाचा प्रवास आणि पन्नास वर्षांचा हिशोब

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर लिहायला सांगितलं होतं. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार म्हणा! पण जमाखर्च दरवर्षीच्या अहवालात छापलेला आहे, आणि तो कोण किती वाचतं हे वार्षिक सभेत दिसतंच. म्हणून त्याऐवजी मागच्या फेब्रुवारीत आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याची जी सहल निलगिरीला गेली, त्यातल्या एका दिवसाबद्दल लिहितो. हिशोबाची आवड त्यातही डोकावेल, ती समितीने चालवून घ्यावी.

आम्ही अकरा जण होतो. सगळ्यात तरुण सभासद एकसष्ट वर्षांच्या. कोइमतूरला मुक्काम करून पहाटे निघालो आणि सात वाजायच्या आधी मेट्टुपाळयम स्टेशनवर हजर झालो. मीटरगेजची चार डब्यांची निळी गाडी फलाटाला लागलेली होती आणि इंजिन मागे जोडलेलं होतं. "अहो, उलटं लावलंय की काय?" असं आमच्यातल्या एक काकू म्हणाल्याच. उलटं नव्हे. ह्या घाटात इंजिन गाडी ओढत नाही, खालून ढकलतं. जोडणी तुटली तरी डबे मागे घरंगळू नयेत, इंजिनाला टेकून राहावेत, म्हणून ही व्यवस्था. आणि प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला एक ब्रेकवाला उभा असतो, हातात झेंडी आणि समोर हाताने फिरवायचं ब्रेकचं चाक. इंजिनचालकाला पुढचा रूळ दिसत नाही, त्यामुळे पुढच्या डब्यावरच्या माणसाने झेंडी दाखवायची आणि ती खूण मागेमागे पोचवायची. सव्वाशे वर्षं हेच चालू आहे.

आता थोडा इतिहास. उटीला गोऱ्या साहेबाने वस्ती केली ती 1819 नंतर. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन तिथे पोचला, हवा आवडली, घर बांधलं आणि पुढे मद्रास सरकारचा उन्हाळी मुक्कामच तिथे जाऊ लागला. वर रेल्वे न्यायची कल्पना 1854 सालची. म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षीची! पण डोंगराच्या पायथ्याशी मेट्टुपाळयमला रेल्वे यायलाच 1873 उजाडलं, आणि तिथून वरचा सगळा प्रवास टांग्याने, बैलगाडीने किंवा पालखीतून.

1882 मध्ये निक्लाउस रिगेनबाख ह्या स्विस इंजिनिअरचा प्रस्ताव आला. स्वित्झर्लंडमधल्या रिगी पर्वतावर दात्यांची रेल्वे 1871 मध्ये सुरू करणारा हाच. मग कंपनी निघाली, भांडवल पंचवीस लाख. 1891 च्या ऑगस्टमध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते कामाचा पहिला घाव पडला. आणि 1894 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. अर्धा डोंगर पोखरलेला, रूळ अर्धवट, आणि कंपनी अवसायनात! अशा प्रकल्पाची कागदपत्रं माझ्या टेबलावर आली असती तर मी काय शेरा मारला असता, हा विचार मी पूर्ण प्रवासभर करत होतो. अर्धवट धरणं, अर्धवट साखर कारखाने आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. बहुतेकदा त्यांच्यावर बाभळी उगवतात. इथे तसं झालं नाही. 1896 मध्ये दुसरी कंपनी उभी राहिली, तिने पहिल्या कंपनीकडून काम विकत घेतलं आणि 1899 मध्ये कुन्नूरपर्यंत गाडी नेली. चालवायला दिली मद्रास रेल्वेकडे. पुढे 1903 मध्ये सरकारने हा मार्ग पस्तीस लाखांना विकत घेतला, आणि 1908 मध्ये तो कुन्नूरहून उटीपर्यंत वाढला. म्हणजे 1854 ची कल्पना 1908 ला पूर्ण, चोपन्न वर्षं. आपल्या सोसायटीला लिफ्ट बदलायला सात वर्षं लागली म्हणून जे कुरकुरतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तुलनेसाठी आपलं माथेरान बघा. तिथली गाडी 1907 ची, म्हणजे जवळजवळ समवयस्क. पण तिथे कंपन्या बुडाल्या-उठल्या नाहीत. सर आदमजी पीरभॉय यांनी सोळा लाख रुपये घातले आणि त्यांच्या मुलाने, अब्दुल हुसेन यांनी, ती बांधून घेतली. एका घराण्याची हौस आणि एका घराण्याची तिजोरी. माथेरानचा चढ वीस फुटांना एक फूट. आपल्या खंडाळ्याच्या घाटात तो सदतीस फुटांना एक, आणि तिथेसुद्धा मागून इंजिनं लावावी लागतात. निलगिरीत तो सुमारे बारा फुटांना एक फूट आहे! एवढ्या चढावर लोखंडी चाक लोखंडी रुळावर पकडच घेत नाही, जागच्या जागी फिरतं.

म्हणून दाते. मेट्टुपाळयमपासून कल्लार स्टेशनपर्यंत सपाटी आहे, गाडी बऱ्यापैकी पळते. कल्लारनंतर रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्यांची जोडी सुरू होते. एका पट्टीचे दाते दुसरीच्या दात्यांपुढे-मागे बसवलेले, त्यामुळे इंजिनाच्या दातेरी चाकाचा कुठला ना कुठला दात कायम अडकलेला असतो. ही पद्धत रोमान आब्ट ह्या इंजिनिअरची, जो आधी रिगेनबाखच्याच हाताखाली होता. इंजिनाला चार सिलिंडर. खालचे दोन नेहमीची चाकं फिरवतात, आणि त्यातून बाहेर पडलेली वाफ फुकट न घालवता वरच्या दोन सिलिंडरांत जाते, ते दातेरी चाक फिरवतात. एकाच वाफेकडून दोनदा काम. ह्या ठिकाणी आमचे सी विंगमधले निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर इतके रंगले की हातातला इडलीचा डबा तसाच राहिला.

ही इंजिनं मुळात स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात बनलेली. अशी दात्यांची रेल्वे भारतात ही एकच.

कल्लार सुटलं आणि गाडीचा आवाजच बदलला. वेग ताशी दहा-तेरा किलोमीटर. उतरून चालावं आणि पुन्हा चढावं असं वाटेल इतका. खाली सुपारीच्या बागा, मग जंगल, मग मधूनच खोल दरी आणि तिच्यावर लोखंडी पूल. ह्या पूर्ण सेहेचाळीस किलोमीटरच्या मार्गावर 208 वळणं, 16 बोगदे आणि 250 पूल आहेत. आमच्यातल्या एक आजी बोगदे मोजत होत्या, नवव्याला चुकल्या आणि सोडून दिलं. 'दिल से' चित्रपटातलं डब्याच्या टपावरचं ते गाणं इथेच चित्रित झालं, हे कळल्यावर दोन भगिनींनी ते म्हटलंही. डब्यातल्या एका तमिळ कुटुंबाने ठेका धरला.

ॲडर्ली आणि हिलग्रोव्हला गाडी पाणी पिते. पाणी इंजिनाला, चहा-वडे माणसांना आणि उरलेलं माकडांना. हिलग्रोव्हला आमच्या एका सभासदांची बिस्किटांची पुडी माकडाने नेली. मधुमेह असताना ती आणलीच कशाला, ह्यावर पुढची दोन स्टेशनं त्यांच्या घरात चर्चा चालली.

त्याच स्टेशनवर मी इंजिनापाशी जाऊन उभा राहिलो. माझे वडील फायरमन होते. खानदेशातल्या एका लोको शेडमधून सुटणाऱ्या मालगाड्यांवर त्यांनी वीस वर्षं कोळसा ओढला. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. ते ड्युटीवरून आले की आई अंगणातच घमेल्यात गरम पाणी ठेवायची, कारण घरात पाऊल टाकलं की काळं उमटायचं. उजव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, डावा कान पन्नाशीच्या आतच गेलेला. एका फेरीत किती टन कोळसा फावड्याने टाकायचा ते त्यांना कोणी विचारलं तर ते सांगायचे नाहीत, फक्त तळहात पुढे करायचे. मला मॅट्रिकला चांगले मार्क पडले तेव्हा ते म्हणाले, "तू पंख्याखाली बसून करायचं काम बघ." ते मी केलं. पंख्याखाली, पुढे एसीखाली.

त्यामुळे मंडळी फलाटावर धुराचे फोटो काढत "काय सुंदर वास आहे नाही!" म्हणत होती, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हा वास आमच्या घरात होता. आईने तो साबणाने घासून घासून काढायचा प्रयत्न केला होता. आता तोच वास घ्यायला आम्ही विमानाचं तिकीट काढून आलो होतो, आणि त्याला वारसा म्हणत होतो. युनेस्कोने 2005 मध्ये ह्या मार्गाला जागतिक वारसा म्हटलं आहे, तशी पाटीही आहे. दार्जिलिंगला तो मान 1999 ला मिळाला होता, आणि त्याच नोंदीत निलगिरीची भर पडली. पाटीत रूळ, पूल, बोगदे आले. फावडं आलेलं नाही.

मला हिंदी येते, फायरमनला थोडी येत होती. मी त्याला हात पुढे करायला सांगितला. आधी तो दचकला, मग हसला. हात स्वच्छ होते, थोडं तेल लागलेलं, बस्स. कारण आता ह्यातली बरीच इंजिनं कोळशावर नाही, तेलावर चालतात. तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात 2011 पासून त्याच जुन्या आराखड्यावर नवी इंजिनं बांधली गेली. भट्टीत तेलाचा फवारा जातो आणि फायरमन फावड्याऐवजी तोटी फिरवतो. उन्हाळ्यात जंगलात ठिणग्या पडून वणवा लागायची भीती असते, तीही कमी झाली.

गाडीत परत बसल्यावर ह्यावर चांगलाच वाद झाला. सी विंगवाले म्हणाले, बॉयलर नवा, भट्टी नवी, जळण नवं, मग हे जुनं इंजिन कसलं? ही तर नक्कल. ए विंगमधल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, आराखडा तोच, मार्ग तोच, चालवायची विद्या तीच, मग नक्कल कशी? कोणीतरी म्हणालं, आपली बिल्डिंग पाडून पुन्हा बांधली तर ती आपली राहील का? त्यावर पुनर्विकासाचा विषय निघाला आणि वातावरण एकदम तापलं, म्हणून मी तो वृत्तांत इथे देत नाही.

माझं मत विचाराल तर, नक्कल असो नाहीतर अस्सल, त्या पोराचे हात शाबूत आहेत ही गोष्ट मला पुरेशी आहे. कोळशाच्या भट्टीपुढे माणूस उभा केल्याशिवाय इतिहास खरा वाटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी स्वतः एक फेरी फावडं मारून बघावं. देशात ब्रॉडगेजवरची रोजची वाफेची गाडी 1995 मध्ये बंद झाली. माथेरानची त्याच्याही आधी, 1982 मध्ये. वडील तेव्हा निवृत्त होते. मी त्यांना बातमी वाचून दाखवली, उजव्या कानाशी जाऊन. ते म्हणाले, "बरं झालं." आणि थोड्या वेळाने विचारलं, "मग ती इंजिनं कुठे ठेवली?"

हे दोन्ही त्यांना एकाच वेळी वाटत होतं. मलाही हिलग्रोव्हला दोन्ही वाटलं.

राहिला खर्चाचा प्रश्न. एवढा रूळ, एवढे पूल, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात दरडी कोसळून मार्ग बंद पडतो त्याची दुरुस्ती, आणि प्रवासी किती, तर चार डबे भरतील इतके. तिकिटाच्या पैशात हे भागणं शक्य नाही, हे सांगायला ताळेबंद बघावा लागत नाही. बँकेच्या नियमांनी मी हे कर्ज नामंजूर केलं असतं, आजही करीन. पण सगळंच कर्ज म्हणून बघायचं नसतं. काही खर्च घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या औषधासारखे असतात, त्यांवर परतावा कोणी मागत नाही. हे मी स्वतः पंचाहत्तरीत असल्यामुळे म्हणतोय असं कोणी म्हटलं तर म्हणू देत.

कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं. तिथून उटीपर्यंत दाते नाहीत, चढ पंचवीसला एक, आणि डिझेल इंजिन गाडी नेतं. वेलिंग्टन, अरवंकाडू, केट्टी, लव्हडेल. चहाचे मळे, निलगिरीची झाडं, हवेत गारवा. दुपारी बाराच्या सुमारास उटी. जवळजवळ पाच तास. तेच अंतर बसने दीड-दोन तासांत होतं, आणि संध्याकाळी आम्ही बसनेच खाली उतरलो. निम्मी मंडळी झोपली होती, दोघांना घाट लागला.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी : आरक्षण फार आधी करावं लागतं, जागा थोड्या आहेत. पावसाळ्यानंतरचे दोन महिने टाळावेत. डब्यात स्वच्छतागृह नाही, त्यामुळे ज्येष्ठांनी स्टेशनवर गाडी थांबली की उगाच संकोच करू नये. आणि हिलग्रोव्हला बिस्किटं पिशवीतच ठेवावीत. पुढच्या हिवाळ्यात माथेरानचा बेत आहे, नावं माझ्याकडे किंवा सोसायटीच्या ऑफिसात द्यावीत.